दशरथची मोर छाप

आमच्या दिंडोशीच्या चाळीत दशरथ परबासारखा बियरचा भक्त दुसरा झाला नाही. म्हणजे फार प्यायचा असं नव्हे हो! रविवारी एकच बाटली, आणि तीही मोर छाप. गिरणीतल्या सोबत्यांनी पहिल्या बोनसला पाजली, तेव्हापासून तीच. पुढे कितीतरी नव्या बाटल्या आल्या. मीच एकदा हौसेनं भारीतली नेऊन दिली, तर एक घोट घेऊन बाजूला सारली पठ्ठ्यानं. म्हणाला, "तात्या, गिरण बंद पडली, घर बदलला. हिची चव तेवढी तशीच आसा. तिका कित्याक सोडू?"

गिरणीच्या संपानंतर तो मढच्या बंदरात मच्छीमार होडीवर खलाशी झाला. एका वादळात होडी उलटली. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, दशरथचं नाही. त्याची बायको शेवंती म्हणायची, "पोहत खंय तरी लागलो आसतलो." कुंकू लावून कामाला जायची. असे दोन पावसाळे गेले.

सर्वपित्रीला आम्ही कोकणातली माणसं वाडी ठेवतो. गेलेल्याच्या आवडीचं केळीच्या पानावर वाढून बाहेर कावळ्याला ठेवायचं. मासे खाणाऱ्याला मासे, विडी ओढणाऱ्याला विडी. त्या वर्षी मी त्यांच्याकडेच जेवायला होतो. शेवंतीच्या धाकट्या दिरानं, बाळानं, सासऱ्यांच्या पानाशेजारी दुसरं पान मांडलं आणि त्यावर मोर छाप उभी केली.

"ह्या पान कोणाचा?" शेवंतीनं विचारलं.

"वयनी, दादा उपाशी रवता तो."

"तो मेलो म्हणान तुका कोणी सांगितला?"

सासू विमलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

शेवंतीनं बाटली उचलली. मला वाटलं, फोडते आता. तिनं ती हातानं चाचपली. "गरम हाडलंस? गरम कधी प्यालो तो?" बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवली आणि तिथंच बसून राहिली. जेवणं खोळंबली.

दुपार कलल्यावर उठली. बियर द्रोणात ओतली, फेस पानावर सांडला, तरी ओततच राहिली.

"अगो, थोडी प्रसादाक ठेव," मी म्हटलं.

"नको तात्या. अर्ध्या बाटलीत तेचा भागलला कधी?"

बाळा हसला, आणि हसता हसता ओक्साबोक्शी रडला.

पान तिनं कुणाच्या हाती दिलं नाही. स्वतःच बाहेर नेऊन पत्र्यावर ठेवलं आणि नवऱ्यासाठी कावळ्याला हाक मारली.