गोरक्ष ड्रायव्हरची काच

चिमाजीशेठचं नाव काढलं की मला आजही शिसारी येते. पण सांगायचंय ते त्याच्या ड्रायव्हरबद्दल, गोरक्षबद्दल. नाशिकहून पेठला जाणारी शेठची प्रवासी मोटार तो चालवायचा. मी स्टँडावर चहा विकायचो, तिथलीच आमची दोस्ती.

सदतीस साली सावळघाटात वरून दगड सुटला आणि थेट समोरच्या काचेवर आला. अख्खी काच खडीसाखरेसारखी दाणे दाणे होऊन गोरक्षच्या मांडीवर सांडली. अंगावर दोन-चार ओरखडे, बस्स!

मालकाला बरं वाटावं की नाही? छे! "एवढी महागाची विलायती काच, आणि एका दगडात भुगा? कुजका माल!" म्हणून स्टँडभर बोंबलला.

गोरक्ष म्हणाला, "शेठ, ती भट्टीत तापवून झटक्यात गार केलेली असते. साध्या काचेपेक्षा कितीतरी दणकट. आणि फुटलीच तर बोथट दाणे होतात, सुरे होत नाहीत. म्हणून तर माझे डोळे शाबूत आहेत. मुंबईहून तशीच मागवा. मापाचीच मागवा, इथं कापायला गेलात तर सगळी फुटेल."

"ती येईस्तोवर गाडी उभी ठेवू? वारा तर अडवायचाय!" असं म्हणून शेठने कपाटाची साधी काच कापून बसवली.

गोरक्ष त्या गाडीवर चढला नाही. शेठने त्याला हाकलला. घरात खायचे वांधे झाले, लोक भित्रा म्हणून हसले, तरी गडी हटला नाही. त्याच्या जागी वाळू नावाचा पोरगा आला, नुकतंच लग्न झालेला. गोरक्षने त्याला परोपरीने सांगून पाहिलं. "पोटाचं काय करू, दादा?" एवढंच तो म्हणाला.

दिवाळीच्या आधी घाटात झाडाची फांदी आदळली. काचेचे लांब सुळके वाळूच्या तोंडात घुसले. दोन्ही डोळे गेले.

त्याच आठवड्यात शेठ गोरक्षच्या दारात हजर. मी तिथंच होतो. वाळूची साधी चौकशीसुद्धा नाही! म्हणतो कसा, "झालं गेलं विसर. माझी घरची मोटार चालव. घाबरू नकोस, तिला मुंबईची काच बसवून घेतलीय. आमची पोरंबाळं बसतात ना रे तिच्यात."

गोरक्ष पचकन त्याच्या पायाशी थुंकला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

शेठ माझ्याकडे वळला. "पगार वाढवून हवा असेल, नाही?"