दीपगृहावर ताई ओरडली

फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लायब्ररीत होते. आईचा आवाज अगदी शांत होता, म्हणूनच मला भीती वाटली. "मंगलला मारलं त्यानं," ती म्हणाली. हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं होतं की मी विचारलं, "कुठं लागलंय?" आई म्हणाली, "अगं... संपली ती."

याला काही आठवडे झाले. मला लिहिता येतं, असं मंगलताईला वाटायचं, म्हणून लिहितेय. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. ताई दहावीनंतर सोलापुरातच शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात लागली आणि लग्नानंतरही तिथंच जात राहिली. दाजी पट्ट्यानं मारायचे, हाताला लागेल त्यानं मारायचे. एकदा कुकरचं झाकण तिच्या कपाळावर फेकलं, भुवईच्या वर टाके पडले. पण ताईच्या तोंडून आवाज निघत नसे. ते तिला आईनं शिकवलं होतं. "पदर तोंडात धरायचा. शेजारीपाजारी ऐकतात," असं आई सांगायची, खोकल्यावर काढा सांगावा तसं. आमचे वडील होते तोवर आईनंही तेच केलं होतं.

मागच्या हिवाळ्यात दाजींनी तिचं मनगट मोडलं आणि ती प्लास्टर घालून आमच्याकडे आली. त्याच सुमारास आमच्या भूगोल विभागाची सहल कोकणात निघाली होती. एक सीट रिकामी राहिली, तेव्हा सरांनी बहिणीला आणायची परवानगी दिली. आई चिडली. "नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई समुद्र बघाया जाती व्हय?"

"माराला सुट्टी हाय की आता," ताई हसून म्हणाली. "तवर येते जाऊन."

ते दीपगृह इंग्रजांच्या काळातलं, काळ्या दगडाचं, समुद्रात घुसलेल्या कड्यावर उभं. आत गोल गोल जिना आणि शेवटी उभी लोखंडी शिडी. ताई प्लास्टरचा हात छातीशी धरून चढली. बाहेरच्या सज्जात पाऊल टाकलं आणि वाऱ्यानं थोबाडीत मारल्यासारखं झालं. लांबवर किनारा हिरवागार दिसत होता, चित्रातल्यासारखा. पण ताई खालीच बघत होती. लाटा धावत येऊन खडकावर फुटत होत्या, मागे सरत होत्या, पुन्हा तिथंच आदळत होत्या.

"किती मारतोय गं," ती म्हणाली. "दमत न्हाय."

मग चांगल्या हातानं तिनं कठडा धरला आणि ती ओरडली. आधी शब्द नव्हतेच, नुसता आवाज. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. मी शेजारीच होते, तरी निम्मा आवाज वाऱ्यानं नेला. ती पुन्हा ओरडली. ज्या दाजींचं नाव ती कधी उखाण्यातसुद्धा नीट घेत नसे, ते आडनावासकट घेऊन तिनं त्यांना शिवी दिली. मला रडावं की हसावं कळेना. तिथले कर्मचारी काका धापा टाकत वर आले. "काय झालं? कोण पडलं?"

"कोण न्हाय ओ," ताई म्हणाली. "आवाज निघतोय का बघत हुते."

काकांनी तिच्या प्लास्टरकडे पाहिलं. "निघाला की. आता तो कठडा सोडा बघू, जुना आहे."

परतताना बसमध्ये तिचा घसा पार बसला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आता हात लावू दे त्याला. अख्खी वसाहत गोळा करते."

प्लास्टर निघाल्यावर दाजी दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आले, आईच्या पायांवर डोकं ठेवून रडले. ताई गेली. का गेली, ते मला नीट सांगता येत नाही... बॅग उचलताना मला म्हणाली, "भिऊ नको. वरडाया येतंय आता मला."

तिसऱ्या दिवसाचं उरकून आम्ही तिच्या वसाहतीत गेलो. भिंतीला भिंत लागून राहणारी बाई दारातच उभी होती. मी विचारलं, "ताई ओरडली नाही का?"

बाईनं मान खाली घातली. "लई वरडली. आई, आई करून. तुमचंबी नाव घेतलं. आमाला वाटलं, नवरा-बायकूचं हाय..." मग अगदी हळू म्हणाली, "पोरं भ्यायली, म्हनून टीव्ही मोठा केला आमी."

आई तिथंच पायरीवर बसली.

दाजी तुरुंगात आहेत, खटल्याचं पुढं होईल ते होईल. मागच्या आठवड्यात संध्याकाळी आई भाकरी थापत होती. आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून, भांडं आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एका बाईचं दबकं कण्हणं. आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठली. मी मागे धावले. पिठाच्या हातांनी ती त्या पत्र्याच्या दारावर धडाधडा मारत होती.

"घरातलं हाय मावशी," आतून त्या बाईचा नवरा गुरकावला. "तुमी जावा."

"न्हाय जात. दार उघड."

"तुमचा काय संबंध?"

आईनं पुन्हा दारावर मूठ मारली. पत्रा थरथरला. गल्लीतली दारं एकेक करून उघडली.

"ऐकू आलंय मला," आई म्हणाली.