एकशे आठ माणसांचा एकच स्वभाव

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. औशाजवळ रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम निघालं, तेव्हा शिवकांता तिथं स्वभाव-चाचणीच्या छापील फॉर्मांचा गठ्ठा घेऊन पोचली. बौद्ध वस्तीतली ही पोरगी लातुरात मानसशास्त्राचं एम.ए. करत होती. टोळीनं काम करणाऱ्या माणसांचे स्वभाव, हा तिचा विषय. महिन्याभरात लघुप्रबंध द्यायचा होता. नाही तर वर्ष वाया, आणि आणखी एक वर्ष शिकवायची घरची ऐपत नव्हती. माय कोंडाबाई त्याच तलावावर माती वाहत होती.

प्रश्न सोपे होते. चारचौघांत बोलायला आवडतं का? एकटं बसायला आवडतं का? राग लवकर येतो का? तीन दिवसांत एकशे आठ फॉर्म भरले. शिवकांता खुशीत कॉलेजात गेली.

तिचे मार्गदर्शक शेषेराव सरांनी दहा फॉर्म चाळले आणि चष्मा काढून ठेवला.

"शिवकांता, एकशे आठ माणसं आणि स्वभाव एकच? अगं, जिल्हा नवा आहे, माणसं तर जुनीच आहेत ना."

तिनं पाहिलं. सगळीकडं 'हो'. एकटं बसायला आवडतं, हो. माणसांत बसायला आवडतं, तेही हो. मायच्या फॉर्मवर तर राग लवकर येतो आणि कधीच येत नाही, दोन्हींवर खूण.

घरी येऊन ती मायवर चिडली. कोंडाबाईनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"कागद घेऊन आलेल्याला न्हाई म्हणलं अन् हजेरीच्या मस्टरवरचं नाव काटलं, तर?" ती म्हणाली. "अन् माझं मला काय ठावं गं? दुसऱ्याचं इचार की. समद्यायचं सांगते."

दुसऱ्या दिवशी शिवकांतानं फॉर्म घरीच ठेवले आणि टोपलं उचललं. आठ दिवस माती वाहिली. बाभळीखाली भाकरी खाताना एकेकाला तीनच गोष्टी विचारल्या. टोळीत सोबत कोण हवं? तान्हं लेकरू कोणापाशी ठेवाल? आणि खोदाईचं माप चुकलं तर साहेबापुढं कोणाला उभं कराल?

आता माणसं मोकळी झाली. स्वतःबद्दल चकार शब्द न बोलणारे दुसऱ्याबद्दल भरभरून बोलू लागले. टोळ्या वस्तीवस्तीच्या वेगळ्या, पाण्याचे माठ वेगळे. उत्तरं मात्र ते अंतर मोजत नव्हती.

तिसऱ्या प्रश्नाला गावातला शेतकरी व्यंकट निवडून येणार, अशी शिवकांताची अटकळ होती. दिवसभर त्याचाच आवाज तलावभर घुमायचा. त्याला एकही मत पडलं नाही. एकशे आठांतल्या एकसष्टांनी नागुबाईचं नाव घेतलं, बौद्ध वस्तीतल्या, दिवसातून चार शब्द बोलणाऱ्या नागुबाईचं. व्यंकटानंही तिचंच घेतलं.

"मी बोललो तर साहेब भांडतंय," तो म्हणाला. "नागुबाई बोलली तर साहेब इचार करतंय."

शनिवारी मजुरीसाठी खड्ड्याचं माप झालं. ओव्हरसियरनं टेप हातभर आत धरली. व्यंकट ओरडला नाही; त्यानं आणि सगळ्यांनीच नागुबाईकडं पाहिलं. तिनं टोपलं खाली ठेवलं.

"सायेब, खड्डा हितून सुरू होतोय," ती म्हणाली आणि पायानं जागा दाखवली. टेप गुमान मागं सरकली. शिवकांतानं वहीत वेळ लिहून ठेवली.

तोंडी परीक्षेला नांदेडहून आलेल्या परीक्षकांनी पहिल्याच झटक्यात विचारलं, की प्रमाणित चाचणी का टाकून दिली. शिवकांतानं ते एकशे आठ फॉर्म पुढं ठेवले आणि 'हो' कशाचं होतं ते सांगितलं. मग तीन प्रश्नांच्या उत्तरांचं पान उघडलं. परीक्षक अर्धा तास तेच पान वाचत राहिले. मग सरांना म्हणाले की हे तीन प्रश्न त्यांना त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी उतरवून हवे आहेत. पहिला वर्ग मिळाला.

तलावावर बातमी कोंडाबाईनंच फोडली. दुपारच्या सुटीत सगळे बाभळीखाली जमले, सगळ्या वस्त्यांचे, आणि आमच्याबद्दल काय लिहिलंस ते वाच म्हणून अडून बसले. प्रबंधात नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. शिवकांतानं पान उघडलं.

"क्रमांक चौतीस. कमी बोलते. चूक दिसली तरच बोलते, आणि तेव्हा..."

"नागू!" तलावभरची माणसं एका सुरात म्हणाली. नागुबाईनं पदरात तोंड लपवलं. खांदे मात्र हसण्यानं हलत होते.

"पुढचा नंबर वाच," व्यंकट म्हणाला. "बघू, आमी वळखू येतो का."