राखेतलं भात

शेणवे गावाच्या अलीकडे, ओढ्याकाठी एक लहानशी वाडी होती. चांगोची बायको गुणाबाई त्या वाडीतली. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी चैत्रात तिचं घर जळालं आणि तेव्हापासून आजूबाजूच्या गावांत तिचं नाव झालं. बाई मोठी धीराची, असं लोक म्हणू लागले. धीर वगैरे काही नव्हतं, पण ते कुणाला समजावून सांगणं तिला जमलं नाही.

त्याआधी माघात तिचा मुलगा देवी येऊन दगावला होता. पहिलं मूल, नुकतं चालू लागलेलं. त्या दिवसापासून गुणाला काही लागेनासंच झालं. भूक लागेना, ऊन लागेना. चुलीत बोट भाजलं तरी ती ते सावकाश मागे घेई. सुनेने एकदा रडून मोकळं व्हावं म्हणून सासूने, बारकीआजीने, नाना उपाय केले. एकदा तर बाळाचं अंगडं आणून तिच्या हातात दिलं. गुणाने त्याची नीट घडी घातली आणि फळीवर ठेवून दिलं.

चैत्र म्हणजे राब भाजायचे दिवस. भाताचं रोप जिथे करायचं, त्या जमिनीवर शेण, पाला, वाळकं गवत पसरून ते जाळायचं. शेजारच्या कोंडूने वारा पडलेला बघूनच राब पेटवला होता. पण दुपारी अचानक वावटळ उठली आणि गवताचा जळता झुबका चांगोच्या पेंढ्याच्या छपरावर येऊन पडला. चांगो गवताची गाडी घेऊन खर्डी स्टेशनला गेला होता. गुणा ओढ्यावर होती. धूर बघून ती धावत आली, तोवर जाळ आढ्याला भिडला होता. बारकीआजी गाय सोडून अंगणात आली होती आणि ऊर बडवून घेत होती.

गुणाने एकदा घराकडे पाहिलं. ते दुसऱ्या कुणाचं असावं तसं पाहिलं. मग जमलेल्या माणसांना ती म्हणाली, हे गेलं, आता शेजारची छपरं उतरवा. तिच्या आवाजात असं काही होतं की कुणी उलटून विचारलं नाही. कोंडू स्वतःच्याच घरावर चढला आणि त्याने पेंढा ओढून खाली टाकला. बाकीची वाडी त्यामुळे वाचली.

छप्पर खाली बसलं, कुडाच्या भिंती पडल्या, आणि सागाच्या जळत्या खांबांच्या मधोमध भाताची कणगी धुमसत उभी राहिली. वर्षभराचं खाणं आणि पुढचं बियाणं, सगळं तिच्यात होतं. लोक हंडे घेऊन धावले. गुणा आडवी आली.

"पाणी नका टाकू. वरचं जळालंय, आतलं जितं हाय. भिजलं तर तेबी कुजंल."

तिने निखारे बाजूला ओढायला लावले आणि कणगीला चहूबाजूंनी ओली माती थापली. मग कोयत्याने तळाशी भोक पाडलं. भात भळाभळा बाहेर आलं, हाताला ऊन लागत होतं. आधी पिवळं आलं, मग तपकिरी आणि शेवटी कोळशासारखं काळं. तिन्हींचे ढीग वेगळे ठेवून ते खळ्यावर पातळ पसरलं. आतल्या आत तापू नये म्हणून ती संध्याकाळपर्यंत पायाने ते फिरवत राहिली. पाणी जे होतं त्यात गोणपाटं भिजवून तिने ती त्या सागाच्या मेढ्यांना गुंडाळायला लावली.

चांगो आला तेव्हा तिन्हीसांज झाली होती. तो बैल न सोडताच खाली बसला. मग त्याने विचारलं, "तुला रडू नाय येत काय गो?"

"नाय येत," गुणा म्हणाली. "बैल सोडा."

पिवळ्या भातातलं मूठभर तिने ओल्या फडक्यात बांधून ठेवलं. त्यातल्या निम्म्याला कोंब आले. म्हणजे आच बियाण्यालाही लागली होती. यंदा दाट पेरायचं, असं तिने ठरवलं. तपकिरी भात कांडून खायला घेतलं. कोंडू पाया पडायला आला, तर तिने त्याला तासणी आणायला सांगितलं. मेढ्या वरवरच जळाल्या होत्या, आतला सागाचा गाभा शाबूत होता. कोंडू रोज येऊन चांगोबरोबर तासायला बसे.

तुळई तासताना चांगोचा हात थांबला. बाळाच्या झोळीच्या दोराने लाकडावर पडलेला घासा त्या काळ्यातही दिसत होता. गुणाने जवळ येऊन तो बघितला.

"तिथंबी तासा," ती म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

पाटीत राख होती. घराची सगळी राख ती रोपाच्या जागी नेऊन पसरत होती. बारकीआजीला ते सोसेना. घराची राख कुणी शेतात टाकतं का, असं म्हणून ती रडू लागली. गुणा म्हणाली, "आपला राब भाजायचा ऱ्हायला होता, आत्याबाय. तो झाला."

त्या पावसाळ्यात रोपांची आवण लागली, घर उभं राहिलं. पुढे कुठे आग लागली की लोक गुणाला न्यायला येत. एका श्रावणात भातसा नदीच्या पुरात घरं बुडाली, तिथेही ती गेली आणि भिजलेलं भात कोंब धरायच्या आत उकडून घ्यायला लावलं. लोक कौतुक करत. ती ऐकून घेई आणि घरी येऊन न जेवता पडून राही.

तिला जनी झाली ती मधल्या वर्षांत. जनी हसरी होती, अंगणभर पळायची. गुणा तिचं सगळं वेळच्या वेळी करी, पण जवळ घेऊन बसत नसे. लढाई संपली त्या वर्षी फाल्गुनात ओढ्यापलीकडे एक घर पेटलं आणि माणूस बोलवायला आला. गुणा उठली, कोयता घेतला. वळून बघते तो जनी धुराकडे बोट दाखवत पुढे पळत सुटलेली.

गुणाने कोयता टाकला. धावत जाऊन तिला उचललं आणि तिथेच खाली बसली. धूर बघून आलेल्या कोंडूला म्हणाली, तुमीच जा भावजी, तुमाला समदं ठावं हाय. कोंडू गेला.

चांगो बाहेर आला तेव्हा ती अजून तिथेच बसून होती.

"काय झालं गो?"

"भ्या वाटतंय."

इतक्या वर्षांत तिने असं काही म्हटलेलं त्याला आठवेना. तो शेजारी बसला. जनी खाली उतरायला धडपडत होती, पण गुणा तिला सोडत नव्हती.