ढवळी थांबत नाही

भाजे गावच्या हौशीरामभाऊंकडे पूर्वी बैलजोडी होती, आता सात सीटांची पांढरी गाडी आहे. दारात शिंगांऐवजी आरसे आले, एवढाच फरक. भाऊ होते तसेच राहिले. गाडीचं नाव त्यांनी ढवळी ठेवलं. किल्ली फिरवण्याआधी ते तिच्या बॉनेटवर दोन थापा मारतात आणि मगच आत बसतात. शनिवार-रविवारी मळवली स्टेशनात उतरलेल्या पाहुण्यांना लेण्यांच्या पायथ्याशी सोडायचं, हा तिचा धंदा. इतर दिवशी ती आंब्याखाली उभी असते.

भाऊंचे दोन नेम होते. पहिला असा, की रस्त्यात कुणी हात केला की ढवळी थांबलीच पाहिजे. ओळख असो, नसो. एकदा पुण्याच्या एका जोडप्याची परतीची लोकल चुकली, कारण मधल्या वाटेत भाऊंनी एक म्हातारी, तिच्या दोन शेळ्या आणि कुणाच्या तरी लग्नातलं कपाट यांची सोय लावली होती. जोडपं तणतणलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "तुमाला दुसरी लोकल हाय. शेळ्यांनी कशानं जायचं?"

दुसरा नेम बैलांच्या काळातला. दिवसभर राबलेल्या जनावराच्या मानेवर रात्री जू ठेवायचं नाही. म्हणून रोज दिवेलागणीला भाऊ बॉनेट उघडायचे, पान्याने बॅटरीची काळी वायर सोडायचे आणि "पड आता निवांत" म्हणून बॉनेट लावायचे. उभ्या गाडीची बॅटरी एकदा उतरली होती, तेव्हा कुणीतरी हा उपाय सुचवला होता. बाकीच्यांनी तो चार दिवस केला आणि सोडला. भाऊंना मात्र त्यात धर्म सापडला. परिणामी ढवळीचं घड्याळ रोज सकाळी नव्याने जन्माला यायचं.

अशा या माणसावर यंदा मे महिन्यात बाका प्रसंग आला. नात समीक्षा आठवीत जाणार होती. शाळा कामशेतच्या पलीकडे, स्टेशनपासून बरीच आत. लोकलच्या वेळा आणि शाळेची घंटा यांचं काही केल्या जमेना. घरात ठरत आलं, की पोरीला वडगावला आत्याकडे ठेवावं. समीक्षा म्हणजे त्या घरातला अर्धा आवाज. ती गेली तर भाऊंना उलट उत्तर देणारं कुणी राहणार नव्हतं, आणि उलट उत्तराशिवाय भाऊंना जेवण जात नाही. त्यातच कळलं, की शाळेला भाजे, पाटण, देवले या बाजूच्या मुलांसाठी गाडी हवी आहे. भाऊंनी त्याच दिवशी ढवळीला धुतलं.

शाळेच्या वाहन समितीची बैठक सोमवारी अकराला होती. अट दोन कागदांची: एक नेहमीची पीयूसी, दुसरा स्कॅनरचा अहवाल. शुक्रवारी भाऊ कामशेतला माधवीच्या केंद्रावर गेले. माधवी तिथलीच मुलगी. गाड्यांचा धूर तपासता तपासता तिला माणसांचाही अंदाज आलेला. तिने सायलेन्सरमध्ये नळी घातली, आकडे पाहिले आणि म्हणाली, "धूर पास." मग स्टेअरिंगखालच्या खाचेत तिने एक पिन बसवली आणि हातातल्या यंत्राकडे बघत राहिली.

"आबा, काल बॅटरी बदलली का?"

"न्हाई. काल सोडली, आज लावली. रोजच सोडतो."

"रोज?"

"तू रात्री कामावर असतीस का?"

माधवीने यंत्र खाली ठेवलं. मागच्या सीटवर मी, भाऊंच्या जुन्या ओळखीतला, बसलेलो होतो, वलवणला घरी सोडायचं भाऊंनी कबूल केलं होतं म्हणून. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू हे मीच शिकवलंय.

"हे बघा आबा," ती म्हणाली, "नळी घालून धूर तपासणं म्हणजे डेअरीवर आजचं दूध तपासणं. आज पास, उद्याचं माहीत नाही. पण ढवळीच्या आत एक छोटा संगणक आहे. तो गाडी चालू असताना स्वतःच सगळं तपासत असतो. पेट्रोल नीट जळतंय का, धुराच्या नळीतला सेन्सर खरं बोलतोय का, विषारी वायू गाळणारा डबा काम करतोय का. काही बिनसलं तर समोर पिवळा दिवा लावतो. मी फक्त त्याने काय नोंदवलंय ते वाचते."

"मग काय म्हणतीय ती?"

"काहीच म्हणत नाही. तुम्ही रोज संध्याकाळी वायर काढता, ती सगळं विसरते. सकाळी पहिल्यापासून सुरू. त्यातल्या काही तपासण्यांना गाडी गार असताना चालू व्हावी लागते, मग तापावी लागते, मग एका वेगाने बराच वेळ पळावी लागते. तुम्ही स्टेशन ते लेणी चालवता, आणि त्यातही..."

"थांबतो," मी म्हणालो.

"म्हणजे तिला आजार न्हाई ना?" भाऊंनी विचारलं.

"आजार नाही असं ती म्हणत नाहीये. ती म्हणतेय, मला अजून तपासूच दिलं नाही. दोन्हींत फरक आहे. असा अहवाल शाळा घेणार नाही."

उपाय साधा होता. वायर काढायची नाही. सकाळी गार गाडी चालू करायची, थोडा वेळ जागेवर धडधडू द्यायची, मग जुन्या हायवेला लागून वडगावपर्यंत एका वेगात जायचं आणि यायचं. कामशेतच्या उतारावर पाय काढून तिला आपली आपण मंदावू द्यायची. आणि मध्ये कुठेही थांबायचं नाही.

"कुटंच न्हाई?"

"कुठेच नाही."

भाऊंचा चेहरा उतरला. वायर न काढण्याचं ते कसंबसं सोसणार होते.

शनिवारचा प्रयत्न कार्ला फाट्यावरच संपला. दूधवाल्या गोरखने हात केला. भाऊंचं डोकं नाही म्हणालं, पाय ब्रेकवर गेला होता. गोरख बसल्यावर शालूबाई बसली, तिच्या कोथिंबिरीचं पोतं बसलं, आणि ढवळी वडगावच्या बाजारापर्यंत सात ठिकाणी टेकत गेली. संध्याकाळी समीक्षाने सगळं ऐकून घेतलं.

"आज्या, मला वडगावला पाठवायचंच असंल तर सरळ सांग की. गोरखकाकाचं निमित्त कशाला?"

हे लागलं. रविवारी उजाडता उजाडता भाऊ निघाले. शेजारी मी, कारण कुणीतरी त्यांचा उजवा पाय सांभाळायला हवा होता. मागे समीक्षा. तिने समोरच्या काचेला पुठ्ठा लावला होता: 'आज गाडी थांबणार नाही. राग मानू नये.' कल्पना चांगली होती, पण त्या वेगात येणाऱ्या गाडीवर 'आज गाडी' एवढंच वाचून होत होतं.

फाट्यावर गोरखने हात केला. भाऊंनी मान खाली घातली. गोरखचा हात तसाच वर राहिला. आरशात पाहिलं तेव्हा तो हात आम्हाला टाटा करतोय की शिव्या देतोय हे कळत नव्हतं. पुढे शालूबाई रस्त्याच्या कडेला पोत्यावर बसलेली. ती ढवळीला बघून उठली, पदर सावरला, पोतं उचललं. भाऊंनी काचेतून तिला नमस्कार केला आणि पुढे गेले.

"म्हातारी काय म्हनंल रं," ते पुटपुटले.

"स्टेअरिंग धर आज्या, नमस्कार मी करते," समीक्षा म्हणाली आणि वडगावपर्यंत खिडकीतून हात जोडत बसली. लोकांना वाटलं, पोरगी निवडणुकीला उभी राहिली.

परतताना खरी परीक्षा आली. कार्ला फाट्याच्या अलीकडे कस्तुराबाई, म्हणजे भाऊंच्या मंडळी, करवंदांची पाटी विकून उभ्या होत्या. त्यांनी हात केला नाही. नवऱ्याच्या गाडीला कोण हात करतं? त्यांनी नुसतं एक पाऊल पुढे टाकलं.

भाऊंनी डोळे मिटले नाहीत, एवढीच मेहेरबानी. ढवळी सरळ पुढे गेली. आणि तेवढ्यात समोरचा पिवळा दिवा लागला.

गाडी बाजूला घेऊन भाऊ उतरले, बॉनेट उघडलं आणि काळ्या वायरीकडे बघत उभे राहिले. पाना खिशात होता. वायर सोडून परत लावली तर दिवा जाणार हे त्यांना ठाऊक होतं.

"काढू नको, आज्या," समीक्षा म्हणाली.

"न्हाई काढत," भाऊ म्हणाले. "इतक्या दिसांनी तोंड उघडलंय तिनं. ऐकून तर घेऊ."

ढवळी मागे वळवून कामशेतला नेली. माधवीने पिन लावली. यंत्राने धुराच्या नळीतल्या सेन्सरचं नाव घेतलं. तिने वाकून, टॉर्च मारून खालून बघितलं. सेन्सर शाबूत होता. त्याच्या अलीकडे नळीच्या जोडाला चीर पडली होती. "लेण्यांच्या वाटेवर दगड लागला असेल. चिरेतून बाहेरची हवा शिरते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, म्हणून ढवळी जास्त पेट्रोल पितेय. शाळेत मुलं नेणार तर हे जोडूनच घ्या."

शेजारच्या वेल्डरने चीर भरली. माधवीने दिवा विझवला, आणि मग जरा चाचरत म्हणाली, "आबा, आता नोंदी कोऱ्या झाल्या. परत एकदा फिरवावी लागेल. उद्या सकाळी, गार असताना."

"वडगावपातुर?"

"वडगावपर्यंत."

भाऊ म्हणाले, "मला गाव सोडावं लागंल."

सोमवारी पहाटे ते बाहेर आले तर पुढच्या सीटवर कस्तुराबाई बसलेल्या. काल संध्याकाळपासून त्या भाऊंशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"तू कुटं?"

"मी रस्त्यात उभी ऱ्हानार न्हाई. हितंच बसते. बघू कसा सोडून जातोय."

पण फाटा आला, गोरख दिसला आणि कस्तुराबाईंनी काच खाली केली. "गोरख, कुणाला दवाखान्यात न्हेत न्हाई, गाडी तपासायला काडलीय. थांबली की पोरगी आत्याकडं जातीय." गोरखला त्यातलं किती कळलं देव जाणे, पण त्याने किटली उचलून जा जा अशी खूण केली. शालूबाईला त्यांनी तीच गोष्ट अर्ध्या वेळात सांगितली. परतीच्या वाटेवर तर लोक आधीच बाजूला सरकून उभे होते. एका रसवंतीवाल्याने दोन बैलगाड्यांना थांबवून ढवळीला वाट करून दिली.

माधवीच्या यंत्रात या वेळी सगळ्या तपासण्या पूर्ण होत्या आणि तक्रार एकही नव्हती. भाऊ दोन्ही कागद घेऊन अकराच्या आत शाळेत पोचले. वाहन समितीच्या बाईंनी कागद बघितले, चष्म्यावरून भाऊंकडे बघितलं.

"गाडी उत्तम आहे. पण तुमच्याविषयी एक ऐकलंय. तुम्ही रस्त्यात कुणालाही घेता म्हणे. मुलं गाडीत असताना ते चालणार नाही."

भाऊंनी टोपी काढली, परत घातली.

"बाई, मळवलीपासून वडगावपातुर कुणालाबी इचारा. ते ऱ्हाऊ द्या, मंडळी भाईर बसलीय, तिलाच इचारा. काल तिला फाट्यावर उभी सोडून आलोय मी."

बाई खरोखरच बाहेर विचारायला गेल्या. कस्तुराबाईंनी काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही. बोलणं बराच वेळ चाललं होतं आणि बाई परतल्या तेव्हा पदराने डोळे पुसत हसत होत्या. त्यांनी सही केली.

त्या संध्याकाळी वडगावला आत्याला फोन गेला, की समीक्षा येत नाही. फोन समीक्षानेच लावला. "आत्या, आज्याची गाडी पास झाली. आज्याचं मात्र काय खरं न्हाई, आजी अजून बोलत न्हाई त्याच्याशी." मागून भाऊंचा आवाज आला, "बोलतीय, बोलतीय. मगाशी 'जेवा' म्हणाली."