राधिकाच्या वहीतली तीन पानं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ताईला अर्धंच ठाऊक आहे, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर — पण थांबा, असं एकदम नाही जमायचं मला. जरा मागून येते.

मी स्वभावानेच संशयी. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारी, कोणी गोड बोललं की याला काय हवंय असं मनात म्हणणारी. पुढे नोकरीही अशी मिळाली की हा दोषच गुण ठरला. डब्लिनच्या पश्चिमेला एका औषध कंपनीत मी क्वालिटीला आहे. औषधाची बॅच तयार झाली की तिचे सगळे कागद माझ्याकडे येतात आणि मी ते ओळ न् ओळ तपासते. आमचा नियम साधा आहे. जे लिहिलंय ते घडलं, जे लिहिलेलं नाही ते घडलंच नाही. लिहिताना चूक झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं अक्षर दिसलं पाहिजे, आणि शेजारी सही-तारीख. जो शब्द गिरगटून काळा करतो तो काहीतरी लपवतोय, असं आम्ही धरूनच चालतो. वीस वर्षं मी हेच केलं.

राधिका ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. जन्म कोव्हेंट्रीचा, इंग्लंडमधला. मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र दर चौथा शब्द इंग्रजी. शाळेत असताना जिन्याखाली पोरं जमून रॅप करायची, त्यात ही एकटी मुलगी. तिथेच मार्लन भेटला. तो त्यांच्याच गल्लीतला, संगीत तो करायचा आणि शब्द ही लिहायची. मार्लनच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी पहिली गाणी रेकॉर्ड केली. मग गावातल्या रेडिओवर अर्धा तास मिळाला, मग पबच्या वरच्या मजल्यावरचे कार्यक्रम, मग बर्मिंगहॅम, मग लंडन. स्टेजवर ती स्वतःला 'कांदा' म्हणवून घ्यायची. म्हणायची, मी लोकांना रडवते ना, म्हणून. ताई फोनवर मला सांगायची, "अगं, डॉक्टर-इंजिनिअर नाही ते नाही, पण निदान नाव तरी बरं घ्यायचं!" मी हसायचे. मलाही मनातून वाटायचं, हे काय कामाचं?

पण दोन हजार वीसच्या सुरुवातीला लंडनच्या एका रेकॉर्ड कंपनीने दोघांनाही बोलावलं. तिचे शब्द आणि त्याचं संगीत, पहिला मोठा अल्बम. आणि मग कोरोनामुळे सगळं बंद पडलं. तुम्हाला आठवत असेलच ते वर्ष. कार्यक्रम गेले, राधिकाला फ्लॅट सोडावा लागला. भावजींशी तिचं धड बोलणं नव्हतं. माझा नवरा मार्चमध्ये पुण्याला गेला तो तिकडेच अडकलेला, मी डब्लिनजवळच्या ओंगारच्या घरात एकटी. म्हटलं, ये माझ्याकडे. सप्टेंबरमध्ये ती बोटीने आली. एक बॅग आणि एक जाडजूड काळी वही घेऊन.

पहिला महिना छान गेला, खोटं कशाला सांगू? ती माझ्यासाठी चहा करायची, मी तिच्यासाठी थालीपीठं लावायचे. पण मग माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. ही एवढी हळू आवाजात फोनवर कोणाशी बोलते? मी आले की वही मिटते का? वरच्या मजल्यावर आमचं टॉवेल-चादरी ठेवायचं गरम कपाट आहे, इथे त्याला हॉट प्रेस म्हणतात. ही तासन् तास त्यात शिरून दार लावून घ्यायची आणि आतून पुटपुटणं ऐकू यायचं. विचारलं तर म्हणे, "इट्स द बेस्ट साउंड इन द हाउस, मावशी!" टॉवेलांमुळे आवाज घुमत नाही, म्हणून ती तिथे रेकॉर्ड करत होती, एवढंच. पण मला पटलं का? नाही. कुरिअरने खोकी यायची, ती घाईघाईने वर न्यायची. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी, तरी ही कालव्याच्या काठाने दोन-दोन तास गायब. एकदा तर मी रेनकोट घालून तिच्या मागे गेले — हो, गेले. ती कालव्याच्या पाणी अडवायच्या दारावर, लॉकवर, बसून स्वतःशीच बोटांवर काहीतरी मोजत होती. घरी येताना मला वाटलं, आहे, नक्कीच काहीतरी आहे.

नवीन वर्षाच्या जानेवारीत एका दुपारी ती फिरायला गेली आणि मी वही उघडली.

घाईत नाही उघडली. चष्मा लावला, टेबलाशी बसले, कंपनीत बसते तशी. पहिल्यांदा दिसली ती खाडाखोड. शब्दच्या शब्द काळे केलेले, खालचं काही दिसू नये असे. माझ्या दृष्टीने निकाल तिथेच लागला. मग उरलेलं वाचलं. "मी" — सगळीकडे "मी". मी आईच्या देवघरामागे ड्रग्जची पाकिटं लपवली. मी शाळेच्या दप्तरातून ती पोहोचवली. मी एकटी दवाखान्यात गेले आणि गर्भ पाडून आले, आईला म्हटलं पोट बिघडलंय. देवघरामागे! ताईच्या देवघरामागे?

तीन पानांचे फोटो काढले आणि ताईला पाठवले. खाली लिहिलं, "तुला कळायला हवं म्हणून. माझं नाव घेऊ नकोस." ताईचं उत्तर आलं, "नाही घेणार." वही मी होती तशी, होती त्याच कोनात ठेवून दिली.

इथपर्यंत ती चूक होती. वाईट होती, चोरून केलेली होती, पण चूक. मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

दोन दिवसांनी, दुपारीच, भावजींचा फोन आला. राधिका वर होती. त्यांचा आवाज मला खालपर्यंत ऐकू येत होता, त्या ओळी ते तिला वाचून दाखवत होते. मग ती खाली आली आणि खुर्चीत बसली. रडत नव्हती. आईबाबांकडे वहीच्या पानांचे फोटो आलेत, पुन्हा तोंड बघणार नाहीत म्हणाले, एवढं सांगितलं. आणि मग आपणहून, मी न विचारता, तिने मला त्या ओळींचं सगळं सांगितलं.

ती तिची गोष्टच नव्हती. शाळेतल्या एका गुजराती मैत्रिणीची होती, ती मुलगी पुढे तुरुंगात गेली. तिने भेटीच्या वेळी राधिकाला सगळं सांगितलं आणि म्हणाली, तू म्हण हे, तुझं लोक ऐकतात. काळे केलेले शब्द म्हणजे त्या मुलीचं नाव, तिचा रस्ता, तिची शाळा. ते कोणालाही दिसू नये म्हणून. राधिका म्हणाली, "आय से 'आय' बिकॉज शी कान्ट, मावशी."

आता मला सांगा, हे मला कळू नये? मिशीवाला शाहीर लावणीत "मी" म्हणतो आणि बोलत असते बाई, हे काय मला ठाऊक नव्हतं? इथल्या मंडळाच्या गणपतीत बायकांना गौळणी मीच बसवून दिल्या होत्या. पण घरातल्या मुलीने लिहिलं आणि मी ते बॅचच्या कागदासारखं वाचलं.

मग तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू नाही ना बोललीस कोणाला?"

सोपा प्रश्न होता. समोर बसून, डोळ्यांत बघून विचारलेला. हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? ओरडली असती, बॅग भरली असती, वर्षभर बोलली नसती. एवढंच ना? मी म्हटलं, "मी? मी कशाला बोलू?"

इथे थांबले असते तरी — नाही, तरी काही नाही. पण थांबले नाहीच. ती विचार करत होती, आणि मला भीती वाटली की तिचा विचार फिरून माझ्यापाशी येईल. म्हणून मी ओट्याकडे तोंड करून, भांडी आवरता आवरता, अगदी सहज म्हटलं, "त्या तुझ्या मार्लनकडे असतील ना पानांचे फोटो?"

होते. ती प्रत्येक पान त्याला पाठवायची, चाल लावायला.

अजून एक लिहायलाच हवं. मार्लन काळा आहे. ताईच्या घरी त्याच्यावर संशय घ्यायला कधीच कारण लागलं नाही, घरात काही सापडलं नाही की त्याचंच नाव निघायचं, आणि राधिका दर वेळी त्याच्या बाजूने भांडायची. मला हे सगळं माहीत होतं. दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं असतं तर तिने दहा प्रश्न विचारले असते. हे नाव टिकेल, हे मला त्या क्षणी कळत होतं. लहानपणापासून ती ज्याच्या बाजूने भांडली, त्याच्यावर तिने संशय घेतला तो माझ्यामुळे.

त्याने फोनवर फोन केले. "आय स्वेअर ऑन माय मम," म्हणत होता, मला ऐकू येत होतं. तिने त्याचा नंबर ब्लॉक केला. लंडनच्या कंपनीला दोघं हवे होते, एकटी नको होती. अल्बम झाला नाही. तिने दोनदा दुसऱ्या कोणाबरोबर करून बघितलं, मग सोडून दिलं. उन्हाळ्यात बंदी उठली तेव्हा ती परत गेली. आता ती एका विम्याच्या ऑफिसात फोन घेते. आईबाबांशी समेट झाला. कार्यक्रम नाहीत, वही नाही. विचारलं तर हसून म्हणते, "दॅट वॉज अ फेज."

दर रविवारी मला फोन करते. आईला करत नाही इतक्या नेमाने मला करते. लोकांना सांगते, माझ्या वाईट दिवसांत एकटी मावशीच माझ्या बाजूने होती. मी ऐकून घेते. पहिल्या वेळी मी घाईघाईने विषय बदलला होता. आता बदलत नाही, आणि हेही मी सांगतेय.

गेल्या रविवारी म्हणाली, मार्लनचा मेसेज आलाय. इतक्या वर्षांनी. त्याची आई गेली. दोनच ओळी होत्या, मम तुझी नेहमी आठवण काढायची, वाटलं तुला कळवावं. राधिकाचा आवाज ओला झाला होता. म्हणाली, "त्या किचनमध्ये मी मोठी झाले गं. उत्तर देऊ का, मावशी? तू सांग. तू म्हणशील तसं करते."

ते दोघं पाच मिनिटं जरी बोलले, तरी त्यांना कळेल की पानं त्याने पाठवली नव्हती. मग आणखी कोण उरतं?

मी म्हटलं, "नको गं. झालं गेलं, कशाला उकरून काढतेस?"

मग म्हणाली, "बरं." आणि मला माहीत आहे, तिने उत्तर दिलेलं नाही.