साहेबांच्या पेशींची उगवण

"हात पुढं करा," म्हणायचा. आपण केला की शर्टाच्या खिशातून सोयाबीनचा एक दाणा काढून तळहातावर ठेवायचा, आपली बोटं स्वतःच्या हातानं मिटवायचा आणि विचारायचा, "काय हाय मुठीत?"

"दाणा."

"चुकलात. शेंगांनी लगडलेलं झाड हाय. तुमाला दिसून न्हाई राहिलं, एवढंच."

मला हा दाणा त्यानं निदान दहा वेळा दिला असेल. पहिला मी जपून ठेवला होता, ही कबुली आधीच देऊन टाकतो.

नांदेडला दवाखान्यांच्या गल्लीत माझी रक्त तपासायची लॅब आहे. हा माणूस पूर्वी एका बियाणे कंपनीचा म्हणून नायगाव-उमरीकडे फिरायचा. एका हंगामात त्यानं दिलेलं बियाणं उगवलंच नाही. लोक जाब विचारायला आले तेव्हा म्हणाला, "बी एक नंबर हाय. तुमच्या रानात वल नव्हती." रानात तेव्हा घोट्याएवढा चिखल होता. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याला काय! मग वर्षभर तो गायब झाला, आणि परत आला तो कडक इस्त्रीच्या कपड्यांत, हातात थर्माकोलचा डबा घेऊन. डब्यात म्हणे स्टेम सेल होत्या. धंदा बदलला, भाषण तेच राहिलं. लोक त्याला आधीही साहेब म्हणायचे, आताही म्हणू लागले.

त्याचा मला राग येतो तो मूळ गोष्ट खरी आहे म्हणून. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी असतात. काही जणांच्या त्या पेशी शरीर स्वतःच मारून टाकतं, मग जन्मभर सुई. स्टेम सेलपासून, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशींपासून, तशा पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि रुग्णाला द्यायच्या, असे प्रयोग जगात चालू आहेत, थोड्या रुग्णांवर, मोठमोठ्या डॉक्टरांच्या नजरेखाली. काहींना गुणही आलाय. याला त्यातलं काय माहीत होतं? वर्तमानपत्राचं एक कात्रण. ते त्यानं प्लास्टिकमध्ये घालून घेतलं होतं आणि नैवेद्य दाखवावा तसा लांबूनच दाखवायचा.

माझ्या लॅबच्या बाकावर बसून तो लोकांना समजवायचा. "पेशी म्हंजे बी. शरीर म्हंजे रान. आन् इन्सुलिनची सुई म्हंजे फवारणी. पेरल्या पेरल्या कुणी फवारणी करतंय का? कोवळं पीक जळून जातंय की! तवा माझी सुई घेतली की पंधरा दिवस ती दुसरी सुई बंद."

तुम्ही शहरात वाढला असाल तर हसाल. इथल्या बाकावर कुणी हसत नसे. ज्यांचा जन्म पेरणी-फवारणीत गेला, त्यांना हे एका झटक्यात पटायचं. डॉक्टरांचं बोलणं त्यांना कधी इतकं नीट कळलंच नव्हतं. आणि मी? मी त्याला बसायला बाक देत होतो, कारण त्याच्यामागून येणारी माणसं माझ्याकडेच रक्त तपासून घ्यायची. आयतं गिऱ्हाईक कुणाला नको असतं?

नायगावकडचा एक बाप त्याच्याबरोबर आला. सोबत मुलगी होती, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची, अकराव्या वर्षापासून इन्सुलिनवर. सोयरीक जमत आली होती आणि लग्नाआधी ही सुई सुटावी, एवढंच बापाचं म्हणणं होतं. मी पोरीला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझं इन्सुलिन एक दिवसही बंद करू नको." ती म्हणाली, "मला माहितंय, दादा. बाबाला कोनी सांगावं?"

साहेबांनी तिच्या दंडात डब्यातलं काहीतरी टोचलं. पंधरा दिवसांनी साखर तपासली, चांगली आली. मग काय विचारता! त्या पोरीला हा प्रत्येक नव्या माणसापुढं उभं करायचा. "बगा, उगवलं का न्हाई?" ती खाली बघायची. बाप मात्र पेढे वाटत फिरत होता.

शेवटी तिच्या आईनंच विचारलं. घरात पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण बघायचं काम तिचं. म्हणाली, "भाऊ, ह्या पेशीची उगवण बगायची काही सोय न्हाई का?"

सोय होती. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्यासोबत रक्तात आणखी एक तुकडा येतो, सी-पेप्टाइड. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. मी रक्त घेऊन बाहेर तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तो जवळजवळ शून्य. पोरीच्या अंगात एक दाणाही उगवला नव्हता.

रिपोर्ट मी बापाच्या हातात दिला, साहेबांच्या समोर. बापानं पोरीकडं पाहिलं. तिनं चष्म्याची डबी उघडली आणि त्यातून इन्सुलिनचं पेन काढून टेबलावर ठेवलं. "मी रोज घेत होते, बाबा. न्हाईतर मेले असते."

मला वाटलं, संपलं. आता हा माणूस तोंड लपवून जाईल. पण चोराच्या उलट्या बोंबा! एक क्षण गेला नाही तोच तो कपाळावर हात मारून म्हणाला, "पोरीनंच जाळलं की वो पीक! चोरून फवारणी केल्यावर बी काय करंल?"

आणि बापाला ते पटलं. मी ओरडलो, हात जोडले. बाप शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुमी रक्त तपासता. शेती कवा केली?" बाहेर माणसं खोळंबली होती. मी पुढच्याचं रक्त घ्यायला गेलो. त्या दिवशी त्यांना दारात अडवायला हवं होतं, आईला तरी फोन करायला हवा होता. हे मला अजून डाचतं.

साहेबांची दुसरी सुई टोचली गेली. या वेळी बापानं पेनं कपाटात ठेवून किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. तिसऱ्या दिवशी दुपारी मला त्याचा फोन आला, आवाजात आनंद होता. "भाऊ, पोरीच्या श्वासाला पिकल्या फळावाणी वास येऊन राहिला. साहेब म्हणले, लागू पडलं, पीक पक्व होऊन राहिलंय. पर ती उलट्या करायली अन् बोलंना."

तो वास म्हणजे काय, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. इन्सुलिन नसलं की शरीर स्वतःची चरबी जाळतं आणि रक्त आंबट होतं. माणूस काही तासांत मरतो. मी आयुष्यात कुणाला दिल्या नाहीत तेवढ्या शिव्या त्या बापाला दिल्या. त्यातल्या कोणत्या शिवीनं त्याला जाग आली कुणास ठाऊक, पण पोरीला घेऊन जीप नांदेडला निघाली. चार दिवस ती अतिदक्षता विभागात होती. वाचली.

साहेबांचा फोन त्या दुपारपासून बंद आहे. मी पोलिसांत तक्रार द्यायला गेलो, तर टेबलामागच्या माणसानं विचारलं, "पोरगी जगली ना? मग?" हल्ली तो लातूरला एका मंगल कार्यालयात शिबिर घेतो असं कळलं, नंतर उदगीरलाही दिसला म्हणे. जाईल तिथं बाकं भरतात. त्याच्याबद्दल मला तिरस्काराशिवाय काही वाटत नाही. पण माझ्याकडे अजूनही माणसं येतात आणि दबक्या आवाजात विचारतात, "साहेब हल्ली कुठं बसतेत?"

गेल्या महिन्यात ते बाप-लेक तपासणीला आले होते. सोयरीक मोडली. पोरीचं रक्त घेऊन झालं, ती बाहेर बाकावर जाऊन बसली. बाप पैसे देऊन रेंगाळला. मान खाली घालून म्हणाला, "भाऊ, साहेबाचा नवा नंबर हाय का?"

"कशाला?"

"असंच. आपलंच रान कुठंतरी कमी पडलं असंल."

दार उघडंच होतं. पोरीनं वळून पाहिलं नाही. इन्सुलिनची पिशवी तिच्या आणि बापाच्या रिकाम्या जागेच्या मधे होती. ती तिनं उचलली, दुसऱ्या बाजूला भिंतीकडं ठेवली आणि तिचा पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळून घेतला.